बाराशे रुपये किलोच्या बिबड्या

एखाद्या वस्तूचे बाजारभावाच्या पाचपट पैसे तुम्ही कधी हसत हसत दिले आहेत का? घासाघीस न करता, वर "अजून पाठवा" असं सांगून? नसतील दिले. तुम्ही आणि मी मेथीच्या जुडीवरून वाद घालणारी माणसं. मग असे पैसे देणारा माणूस नेमकं काय विकत घेत असतो?

हा प्रश्न विचारायला मला धुळ्यातल्या माझ्या घरमालकांनी शिकवलं. देवपुरात त्यांच्या वरच्या खोलीत मी शिकायला म्हणून राहिले. सगळी गल्ली त्यांना आबा म्हणायची. ते एवढा लांब प्रश्न कधी विचारत नसत. त्यांचा एकच शब्द होता: "कशाबद्दल?"

पहिल्याच दिवशी तो ऐकला. माझे वडील चाळीसगावहून सोडायला आले होते. भाडं देताना त्यांनी वरची एक नोट तशीच ठेवली आणि म्हणाले, "असू द्या, आबा. पोरगी एकटी आहे, लक्ष असू द्या."

आबांनी नोट उचलून उजेडात धरली.

"ही कशाबद्दल?"

"असंच हो. प्रेमानं."

"प्रेमाचं भाडं मी घेत नाही. लक्ष ठेवायचं असेल तर फुकट ठेवीन, नाहीतर ठेवणार नाही." नोट वडिलांच्या खिशात परत गेली. माझ्या वडिलांचं आयुष्य कामगारांची पत्रकं काढण्यात गेलं. घरात वह्यांपेक्षा पत्रकं जास्त होती आणि मी बाराखडी त्यांच्या मागच्या कोऱ्या बाजूवर गिरवली. तत्त्वाच्या गोष्टीत त्यांना गप्प करणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहत होते. जाताना ते जिन्यात म्हणाले, "माणूस सरळ आहे. पण त्रास देईल."

त्रास अख्ख्या भाजीबाजाराला होता. आबा दिसले की भाजीवाल्या एकमेकींना सांगायच्या, "आबा आले, कोथिंबीर लपवा." कारण भाजीवर फुकट टाकलेली कोथिंबीर ते घेत नसत. तिचा भाव विचारायचे, तेवढे पैसे द्यायचे. भाजीवाली पैसे घ्यायला नकार देई, हे ठेवायचा हट्ट धरत, मागे रांग लांबत जाई. लग्नात आहेराचं पाकीट द्यायचे तेही वधूपित्याला विचारून, "तुम्ही आमच्याकडे किती घातले होते?" आणि तितकेच घालायचे. अक्का, म्हणजे त्यांची बायको, लाजेनं पदर तोंडावर घ्यायची.

वरणगावच्या कारखान्यात मालाच्या तपासणीत त्यांची सगळी नोकरी झाली होती. तिथून त्यांनी एक खिळाही घरी आणला नव्हता. पण निवृत्त झाल्यावर त्यांनी स्वतःच्या पैशानं एका लेथवाल्याकडून पोलादाचा बोटभर दांडा, भोकांचं माप तपासायला कारखान्यात असतो तसला, करून घेतला होता. तो कायम सदऱ्याच्या खिशात असायचा. दोन्ही टोकं वेगळ्या जाडीची. मला त्यांनी समजावून सांगितलं होतं: भोकात एक टोक गेलंच पाहिजे आणि दुसरं जाता कामा नये. पहिलं गेलं नाही तर भोक लहान, नापास. दुसरंही गेलं तर भोक मोठं, तेही नापास.

"कमी मिळालेलं सगळ्यांना कळतं," ते म्हणायचे. "जास्तीचं कोणाला कळत नाही. जास्त म्हणजेही नापासच. आणि जास्तीचा रुपया मुका नसतो बरं. गप्प बसून राहतो आणि त्याची वेळ आली की बोलतो."

कॉलेजातल्या फीवाढीविरुद्ध मी एक पत्रक लिहिलं होतं. मोठ्या तोऱ्यात त्यांना वाचायला दिलं. त्यांनी पेन्सिल घेतली आणि 'निर्लज्ज', 'रक्तपिपासू', 'नराधम' असे शब्द एकेक करून खोडले. शेवटी फीचे आकडे आणि एक मागणी उरली.

"आता जातंय," म्हणाले.

मी चिडले, पण छापलं तसंच. प्राचार्यांनी बोलावून घेतलं ते त्याच पत्रकावरून. तोवर मी आबांची शिष्या झाले होते, आणि म्हणूनच पुढं जे झालं त्यात सगळ्यात जास्त राग मला आला.

तर त्यांचं कौतुकही असं मोजून यायचं. कारखान्यात चांगल्या मालाला जो शिक्का, तोच घरात. अक्कानं खापरावरचे मांडे केले, भरीत केलं, काहीही केलं, तरी पहिला घास घेऊन आबा म्हणणार, "चाललं." म्हणजे पास. त्याच्यावर शब्द नाही. अक्का अहिराणीत मला म्हणायची, "यास्ना तोंडमा दोनच शब्द शेतस, माय. चाललं आन् कशाबद्दल." हसून म्हणायची. पण ताट उचलताना तिचं लक्ष त्यांच्या ताटाकडं असायचं, आणखी एखादा शब्द सांडलाय का म्हणून.

त्या घरात राकेश आला तो आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या आसपास. पांढरा सदरा, गोड आवाज. म्हणाला, जळगावात एका मित्राकडे अक्काच्या हातच्या बिबड्या खाल्ल्या, चव जिभेवरून जात नाही. आमच्या भाऊसाहेबांना ऑफिसच्या लोकांसाठी, पाहुण्यांसाठी हव्यात. बिबड्या म्हणजे आमच्याकडचे ज्वारीचे पापड. ज्वारी भिजवून, दळून, लसूण, मिरची, तीळ, मीठ घालून पीठ शिजवायचं, गरम असतानाच ओल्या कापडावर हातानं पातळ थापायचं आणि कडक उन्हात वाळवायचं. हात भाजतात, पाठ मोडते. बाजारात त्या अडीचशे रुपये किलोनं मिळतात.

राकेशनं बाराशे रुपये सांगितले. अक्कानं नव्हे, त्यानंच.

"एवढे?" अक्का म्हणाली.

"हाताच्या चवीला भाव नसतो, अक्का."

मी आबांकडं पाहिलं. आता तो शब्द येणार म्हणून अक्षरशः वाट पाहिली. आबांनी खिशातल्या दांड्यावर हात ठेवला, अक्काच्या तोंडाकडं पाहिलं आणि उठून झाडांना पाणी घालायला गेले.

त्यांची मुलगी शैलाताई जळगावला बांधकाम खात्यात इंजिनिअर होती. झेडपीच्या शाळांच्या नव्या खोल्या पाहून, काम बरोबर असेल तर बिलावर सही करणं हे तिचं काम. भाऊसाहेब हे त्या खोल्या बांधणारे ठेकेदार. एका गावातल्या शाळेचा स्लॅब ठोकल्यावर पोकळ वाजत होता, म्हणून ताईनं त्यांचं बिल अडवलं होतं. तिच्यापुढं पाकीट ठेवायची कोणाची हिंमत नव्हती, आबांची पोरगी ती. हे मला माहीत होतं, आबांना माहीत होतं. अक्काला फक्त बिबड्या माहीत होत्या.

त्या उन्हाळ्यात अक्का बदलली. पहाटे गच्चीवर पातेलं चढायचं. शेजारच्या रुखसाना आपा रोजंदारीवर मदतीला येऊ लागल्या. अक्कानं घरघंटी घेतली. जुन्या साड्यांचे काठ फाडून पट्ट्या केल्या आणि प्रत्येक पुडक्याला स्वतःच्या हातानं गाठ मारली. मलाही थापायला बसवायची. माझी बिबडी जाड झाली की म्हणायची, "हाई भाकर शे का?" पुढं काढायच्या दुकानाचं नावसुद्धा ठरलं होतं. दर खेपेनंतर राकेशचा फोन यायचा आणि ती तो मोठ्या आवाजावर लावायची, आबांना ऐकू जावा म्हणून. "अक्का, काय कुरकुरीत! अक्का, लोक बोटं चाटतात."

रुखसाना आपांनी भाव ऐकला तेव्हा हातातलं पीठ तसंच राहिलं. "बाराशे? अक्का, थोडे और मिलाओ तो बकरा आ जाए."

"जळो तुना बकरा," अक्का हसली. "हातनी चव शे ती."

आबा जिन्यात उभे होते. त्यांनी ऐकलं आणि परत खाली उतरले.

मग मला राहवलं नाही. संध्याकाळी ते गच्चीवर वाळवण गोळा करत होते, तिथं गाठलं. म्हटलं, "आबा, कोथिंबिरीच्या काडीला कशाबद्दल विचारता. इथं तोंड शिवलंय का?"

ते बिबड्या गोळा करत राहिले.

"तुम्हाला माहीत आहे हा पैसा कशाबद्दल आहे."

"माहीत आहे."

"मग?"

"शैलानं सही केली का? नाही. करणार आहे का? नाही. मग त्यांचा पैसा वाया चाललाय. जाऊ दे."

"हे तुमचं बोलणं नाही, आबा. हे त्यांचं बोलणं आहे."

ते थांबले. एक बिबडी उन्हाकडं धरली. तिच्यातून सूर्य दिसत होता, इतकी पातळ.

"एवढी वर्षं मी हिला काय म्हणालो, ठाऊक आहे? चाललं. दुसरं काही सुचलं नाही. आता कोणीतरी म्हणतंय. खोटं का असेना." बिबडी खाली ठेवत म्हणाले, "ते मी कसं काढून घेऊ तिच्याकडून?"

मला ते पटलं नव्हतं. आजही पटलेलं नाही. पोकळ स्लॅबखाली बसणारी पोरं एका बाजूला आणि एका बाईचा आनंद दुसऱ्या बाजूला, यात तोलायचं काय असतं? पण ज्यानं मला मोजायला शिकवलं तोच माप हातात धरून उभा होता आणि लावत नव्हता. त्यानंतर कितीतरी दिवस मी त्या घरात येरझाऱ्या घालत राहिले.

मग मीठ दोनदा पडलं.

पातेल्यात पीठ रटरटत होतं, अक्कानं मीठ टाकलं आणि राकेशचा फोन आला. मागच्या मालाचं कौतुक, नवी ऑर्डर. ती इतकी फुलली की फोन ठेवल्यावर पुन्हा मीठ टाकलं. आमच्या कोणाच्या लक्षात आलं नाही. माल वाळला, गाठी बसल्या, गाडी येऊन घेऊन गेली. दोन दिवसांनी उरलेला चुरा तिनं तव्यावर भाजून जेवणात वाढला.

आबांनी तुकडा तोंडात टाकला. चावला. तांब्याभर पाणी प्यायले. म्हणाले, "चाललं."

मी तुकडा तोंडात घातला आणि तसाच बाहेर काढला. नुसतं मीठ. अक्कानं माझ्याकडं पाहिलं, मग स्वतः चाखलं.

"बठ्ठं खारं व्हयी गयं," ती म्हणाली आणि तिथंच बसली.

त्या माणसानं आयुष्यात पहिल्यांदा नापास मालावर पासचा शिक्का मारला होता, आणि तो मी डोळ्यांनी पाहिला.

अक्कानं रात्रभर मनाला लावून घेतलं आणि सकाळी ठरवलं: जळगावला जायचं, माफी मागायची, खारट माल परत घ्यायचा आणि बदल्यात चांगला द्यायचा. आबा म्हणाले, फोन कर. ती म्हणाली, "बाराशे रुप्या लेतस आन् फोनवर माफी मागू?" तिनं घरातल्या चांगल्या बिबड्यांची पुडकी बांधली. आम्ही तिघं एसटीत बसलो. पारोळा गेलं, एरंडोल गेलं. अक्का मांडीवर पिशवी धरून, माफीचं वाक्य ओठातल्या ओठात घोकत होती.

ऑफिस थंडगार होतं. राकेश धावत आला. "अक्का, तुम्ही कशाला त्रास घेतला, गाडी पाठवली असती."

अक्का खुर्चीच्या काठावर बसली. "भाऊ, मीठ कसं व्हतं?"

"एकदम बरोबर."

"या खेपना मालमा?"

"याच खेपेचं सांगतोय. आधीपेक्षा भारी. भाऊसाहेबांनी दोनदा मागून घेतल्या."

"खाऱ्या नही लागन्यात?"

"खाऱ्या?" राकेश हसला. "अक्का, असं मीठ आमच्या घरी कोणाला जमत नाही."

अक्का त्याच्याकडं बघत राहिली. त्याला पोराच्या मायेनं बघायची, तसं नाही. मग तिनं हात धुवायला जागा विचारली. राकेशनं मागचं दार दाखवलं. मी सोबत गेले. मोरीच्या अलीकडं एक खोली होती, टाइल्सचे खोके, जुनी कॅलेंडरं. त्यांच्यावर पुडकी रचली होती. पहिल्या खेपेपासूनची, जवळजवळ सगळी. साडीच्या काठांच्या गाठी जशाच्या तशा. खालच्या पुडक्यांवर टाइल्सचा खोका ठेवल्यानं त्यांचा चुरा झाला होता.

तिनं एका गाठीवर बोट फिरवलं. हात धुतले. परत येऊन बसली.

राकेशला काय कळणार. त्यानं चहा पुढं सरकवला आणि बोललाच. "अक्का, ताईंना जरा सांगा ना. तेवढं शाळेच्या खोल्यांचं बिल पडून आहे. आईचा शब्द कोण मोडतं?"

जास्तीचा रुपया बोलला होता. मी आबांकडं पाहिलं. ते जमिनीकडं बघत होते.

अक्का म्हणाली, "मंग हाऊ पैसा कसाना शे?"

"कसला म्हणजे? कौतुकाचा, अक्का."

"मना माल माले परत दे."

राकेश हसत काहीतरी समजावू लागला, तर ती उठून मागच्या खोलीत गेलीसुद्धा. आम्ही तिघांनी सगळी पुडकी बाहेर काढली. पैसे परत पाठवतो असं आबा म्हणाले तेव्हा राकेशचा चेहरा खरोखर अडचणीत आल्यासारखा झाला. "आबा, पैसे देण्याची सोय आहे आमच्याकडे. परत आलेले कोणत्या खात्यात दाखवू?"

परतीच्या एसटीत पुडक्यांनी वाट अडवली. कंडक्टर म्हणाला, "आजी, पापडांचं लगीन आहे का? सामानाचं तिकीट पडेल." आबांनी मुकाट्यानं तिकीट काढलं. एरंडोल सुटल्यावर अक्का खिडकीबाहेर बघतच म्हणाली, "तुमले म्हाईत व्हतं."

"हो."

"कवयपाइन?"

"पहिल्या दिवसापासून."

"मंग बोलनात का नही?"

"तू खूश होतीस."

मग ती म्हणाली, "खारं व्हतं तरी तुम्ही म्हनात चाललं. तो म्हने एकदम बरोबर. दोन्हीस्नी माले सारखंच सांगं."

आबांनी खिशातला दांडा काढला, हातात फिरवला आणि परत ठेवला. माझ्याकडं पूर्ण पत्रकाचं भाषण तयार होतं, पण त्या तीन वाक्यांपुढं ते जास्तीचं होतं.

घरी आल्यावर तिनं आधी ताईला फोन लावला. "तुनं काम तू कर, शैला. मन्या बिबड्या इकाई जातीन." दुसऱ्या दिवशी आबा बँकेत गेले, ठेव मोडली आणि अडीचशेच्या वरची सगळी रक्कम परत पाठवली. परत आणलेल्या मालाचे तर सगळेच पैसे. सोबत चार ओळींची चिठ्ठी: जास्तीची रक्कम परत करत आहोत, कशाबद्दल दिली होती ते आपण शेवटपर्यंत सांगितले नाही. घरघंटी राहिली. ती आपण फेडणार, असं अक्का म्हणाली आणि रुखसाना आपांसोबत गल्लीच्या तोंडाशी टेबल टाकून अडीचशेनं बिबड्या विकायला लागली. राकेशचा फोन पुन्हा आला नाही. दुकानाचं नाव पुन्हा निघालं नाही.

खारट पुडकी आबांनी संपवली. रोज जेवताना एक बिबडी. तिसऱ्या की चौथ्या दिवशी त्यांनी घास घेतला आणि घसा साफ केला. मला वाटलं, झालं, आला शिक्का.

"खारट आहेत," आबा म्हणाले. "फार खारट आहेत." अक्काचा हात थांबला. "पण थापल्यात इतक्या पातळ की मला गच्चीवर यातून सूर्य दिसला होता. मी तेव्हाच सांगायला पाहिजे होतं."

अक्का आत गेली, आणि भांडी घासण्याचा आवाज उगाचच बराच वेळ येत राहिला.

इथं संपवता आलं असतं. आबांचं चित्र इथं छान पूर्ण होतं. पण ताईनं तो स्लॅब तोडून पुन्हा घालायला सांगितला आणि पावसाळ्याच्या आत तिची बदली झाली. नव्या साहेबांनी स्लॅबला हात न लावता बिल काढलं. त्या खोलीत पोरं बसतात. आम्ही तक्रार केली आहे, तिचा पोचक्रमांक मिळाला आहे, त्यापलीकडं अजून काही मिळालेलं नाही. आबा दर सोमवारी कचेरीत जाऊन बाकावर बसतात. साहेब विचारतात, "आबा, आज कशाबद्दल?" आबा म्हणतात, "त्याबद्दलच."

नव्या साहेबांच्या मेहुण्याची फैजपूरकडं केळीची बाग आहे. ठेकेदार मंडळी आता केळी तिथूनच नेतात, बाजाराच्या चौपट भावानं. जळगाव जिल्ह्यात, केळी! आणि ती फार गोड आहेत असं सगळे सांगतात.

म्हणून एक मागणी. एकच आहे, आबांनी बाकीच्या खोडल्या. तुमच्या गावातही कोणा साहेबाच्या घरच्या पापडांचं, बागेचं, बायकोच्या चित्रांचं, पोराच्या क्लासचं असं कौतुक चालू असेल. भावावरून भांडू नका, ते पावती दाखवतील. चारचौघांत, कौतुक करणाऱ्याच्या डोळ्यांत बघून, अक्कानं विचारलं तेवढंच विचारा: मीठ कसं होतं? आणि तो उत्तर देत असताना जरा मागच्या खोलीत जाऊन या.